ऑटोमॅटिक गाडीखाली परत परत लाल ऑइल टपकतंय? नुसती क्लिप आवळत बसू नका

गाडी २००८ ची, पेट्रोल, ऑटोमॅटिक सेडान, एक लाख तीस हजार किमीच्या पुढे गेलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नाहीच, इतकी वर्षं गरम ऑइल पोटात घेऊन बसलेलं रबर कधीतरी दगा देणारच, कुठल्याही गाडीत. पण माझ्याकडे तोच लीक, त्याच जागी, दीड वर्षात तीनदा परत आला आणि प्रत्येक वेळी कारण वेगळं निघालं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. दुसऱ्या कुणाचे तरी पैसे वाचतील.

सुरुवात वॉचमन काकांनी केली. सकाळी खाली उतरलो तर म्हणाले, "साहेब, तुमच्या गाडीखाली कुंकू सांडल्यासारखं काय झालंय बघा." पुढच्या बंपरच्या थोडं मागे, ड्रायव्हरच्या बाजूला, टाइलवर रुपयाएवढे दोन लाल डाग. मी बोट लावून बघितलं, चिकट, पातळ, किंचित जळकट वास. इंजिन ऑइल नव्हतं, ते काळं-तपकिरी असतं. कूलंट पण नव्हतं, ते बोटावर पाण्यासारखं लागतं आणि गोडसर वास येतो. हे गिअरबॉक्सचं ऑइल, एटीएफ. एक घोळ मात्र लक्षात ठेवा, बऱ्याच जुन्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगमध्येही हेच लाल ऑइल असतं, त्यामुळे लाल दिसलं की लगेच गिअरबॉक्सवर आळ घेऊ नका, आधी स्टिअरिंगच्या डब्याची लेव्हल बघा. माझी बरोबर होती.

हे ऑइल रेडिएटरजवळ कसं काय येतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं (मलाही नव्हतं), म्हणून थोडक्यात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा भाग ऑइल घुसळून ताकद पुढे देतो आणि त्या घुसळण्यात ऑइल तापतं, नेहमीच्या चालवण्यात ८०-९० डिग्रीपर्यंत, घाटात एसी लावून चढवली तर त्याहून जास्त. ते थंड करायला एका नळीतून रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या छोट्या कूलरमध्ये पाठवतात आणि दुसऱ्या नळीतून परत आणतात. नळ्या बहुतेक लांबी लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या असतात, पण टोकाला रबरी होसचा तुकडा असतोच, कारण इंजिन माउंटिंगवर हलतं आणि रेडिएटर जागेवर असतो. लीक होतो तो या रबरी तुकड्याच्या टोकाला. (तुमची ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी असेल तर हे सगळं तुम्हाला लागू नाही, तिच्यात साधाच गिअरबॉक्स असतो आणि क्लच मशीन दाबतं, अशा नळ्या नसतात. सीव्हीटीत, म्हणजे गिअरऐवजी पट्टा आणि पुली असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये, बऱ्याचदा असतात, पण तिचं ऑइल वेगळं, लाल असेलच असं नाही, आणि एटीएफ चुकूनही तिच्यात टाकायचं नाही.)

आता पहिला उपाय. गॅरेजवाल्याने खाली वाकून बघितलं, "क्लिप ढिली झालीय साहेब" म्हणाला, मूळची स्प्रिंगची क्लिप काढून टाकली, तिच्या जागी स्क्रूची जुबिली क्लिप लावली, करकचून आवळली, पैसे पण घेतले नाहीत. दोन महिने कोरडं. मग थंडी पडली आणि परत डाग. तेव्हा मला कळलं नाही पण आता कळतंय काय झालं ते. जुनं रबर कडक होतं, लवचिकपणा गेलेला असतो. गाडी गरम असताना ते फुगून पाइपला धरून बसतं आणि पहाटे गार पडलं की आकसतं. स्प्रिंगची क्लिप त्याच्याबरोबर आत येते, दाब कायम ठेवते. स्क्रूची क्लिप जिथे आवळली तिथेच राहते, मध्ये केसाएवढी फट पडते आणि सकाळी गार ऑइल, म्हणजे घट्ट ऑइल, पंपाने ढकललं की त्या फटीतून येतं. म्हणून काही जणांची गाडी फक्त सकाळी स्टार्ट केल्यावर पाच मिनिटं टपकते आणि मग बंद होते, आणि गॅरेजला नेली की तिथे कोरडी. याचं कारण हेच.

बरं, थेंब किती पडतात यावरून लीक छोटा समजू नका. साधारण वीस थेंबांचा एक मिली होतो, रात्री दहा थेंब पडले तर महिन्याला पंधरा मिली, काहीच नाही असं वाटतं. पण उभ्या गाडीत नळीत दाब नसतो, चालू गाडीत असतो, म्हणजे पार्किंगमध्ये दिसतो तो फक्त शेवटचा निथळ आणि खरं ऑइल रस्त्यावर जातं. माझी डिपस्टिक तीन आठवड्यांत वरच्या खुणेवरून खालच्या खुणेच्याही खाली आली होती. खंबाटकी घाटाच्या चढावर गाडी रेस घेतेय पण वेग घेत नाही, आणि डी टाकल्यावर सेकंद-दीड सेकंदाने धक्का देऊन गिअर पडतोय, ही लक्षणं दिसली तेव्हा घाबरलो. ऑइल कमी झालं की पंप हवा ओढतो, ऑइलचा फेस होतो, फेसाला दाब नसतो, आतले क्लच घसरतात आणि जळतात. चार-पाचशे रुपयांच्या होसपायी गिअरबॉक्सचं काम निघायचं.

दुसऱ्या वेळी होसच बदलली. गॅरेजवाल्याने त्याच्याकडे पडलेली, कूलंटला वापरतात तसली काळी होस कापून लावली. मस्त बसली, दिसायलाही जाडजूड. पाच महिन्यांनी हात लावून बघितली तर मऊ, चिखलासारखी, क्लिपच्या दोन्ही बाजूंनी फुगलेली, बोट दाबलं की खड्डा तसाच राहतोय. कूलंटची होस बहुतेक वेळा ईपीडीएम रबराची असते. पाणी आणि उष्णता यांना ते रबर उत्तम, पण तेल लागलं की ते तेल पितं आणि फुगतं. हे आतून होतं त्यामुळे महिनोन् महिने काही दिसत नाही. तेलाला नायट्राइल किंवा त्याच्या वरच्या जातीचं रबर लागतं.

मग मी स्वतः पुण्याच्या नाना पेठेत, गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या बाजारात गेलो. पहिल्या तीन दुकानांत "पेट्रोलची होस घेऊन जा, सगळे तीच नेतात" हेच उत्तर. पेट्रोलची होस तेलात फुगत नाही हे खरं, पण ती रोज ९० डिग्रीच्या ऑइलसाठी बनवलेली नसते, लवकर कडक होते, म्हणजे परत पहिल्या पायरीवर. चौथ्या दुकानात एक काका बसले होते, त्यांनी न बोलता मागून एक भेंडोळं काढलं आणि अंगावरची छपाई दाखवली. हेच बघायचं. होसच्या अंगावर ट्रान्समिशन ऑइल कूलर असं लिहिलेलं असतं, किंवा एसएई जे १५३२ (SAE J1532) हा मानकाचा नंबर असतो. काहीच छापलेलं नसेल ती होस कितीही भारी दिसली तरी घेऊ नका. तुमच्या गाडीची कंपनीची वळणदार होस मिळत असेल तर सरळ तीच घ्या, मोजमापाची कटकट नाही.

मोजमापावरून आठवलं. काकांनी पहिला प्रश्न विचारला, "पाइप केवढा?" मी म्हटलं, अंदाजे आठ. "अंदाजे नाही चालत, व्हर्नियरने मोजून या." परत घरी, परत नाना पेठ. पण बरोबर होतं त्यांचं. पाइपच्या तोंडाजवळ गोल उठाव असतो, त्याच्यावर मोजायचं नाही, मागे सपाट भागावर मोजायचं. आठ मिमी आणि ५/१६ इंच जवळपास एकच (७.९४ मिमी), इथे चालून जातं. पण ३/८ इंच म्हणजे साडेनऊ मिमी, त्याच्यावर दहाची होस घातली तर ती सैल बसणार, मग क्लिप आवळून आवळून रबराला सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतूनच ऑइल येतं.

तर योग्य होस आणली, त्याच गॅरेजमध्ये लावून घेतली आणि तिसऱ्या दिवशी परत टपकली! खरं सांगतो, त्या दिवशी गाडी विकायचा विचार आला. ऑनलाइन जाहिरातीचे फोटो पण काढले होते. बायको म्हणाली, आधी लीक कुठून आहे ते तरी नीट बघितलंस का? नव्हतं बघितलं. दीड वर्षात एकानेही बघितलं नव्हतं, सगळे खालचा ओला भाग बघून अंदाज करत होतो. ऑइल वरून निघतं, होसच्या अंगावरून ओघळत सगळ्यात खालच्या वळणावर येतं आणि तिथून थेंब पडतो, शिवाय चालत्या गाडीचा वारा ते मागे फेकतो. म्हणजे थेंब पडतो ती जागा लीकची नसतेच. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची.

त्याची युक्ती साधी आहे. गाडी पूर्ण गार असताना सगळा भाग डिझेल आणि जुन्या ब्रशने घासला, चिंधीने पुसला, मग ब्रेक क्लीनरचा स्प्रे मारून अर्धा तास वाळू दिला (डिझेल आणि हा स्प्रे दोन्ही पेट घेतात, गरम इंजिनवर अजिबात नको, आणि वाळल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही). मग पोराच्या अंगाला लावायची पावडर हातावर घेऊन फुंकून उडवली, होस, क्लिप, पाइप, सगळं पांढरंशुभ्र. हॅन्डब्रेक ओढून, चाकांना दगड लावून गाडी चालू केली आणि टॉर्च घेऊन बॉनेटमधून बघत बसलो, हात आणि बाही फॅनपासून लांब ठेवून. सात-आठ मिनिटं काही नाही. मग होसच्या तोंडाशी, जिथे ती गिअरबॉक्सच्या पाइपवर चढते तिथे, पावडरीवर एक बारीक गुलाबी रेघ उमटली, दोऱ्यासारखी, आणि हळूहळू खाली सरकायला लागली. इतकं समाधान फार दिवसांत झालं नव्हतं.

गाडी गार झाल्यावर होस काढली आणि दोन गोष्टी सापडल्या. एक, क्लिप उठावाच्या बरोबर डोक्यावर बसवली होती. ती उठावाच्या मागे, म्हणजे उठाव आणि होसची कड यांच्या मधल्या सपाट भागात बसली पाहिजे, कडेपासून तीन-चार मिमी आत. दोन, आणि खरी गोम हीच, पाइपवर लांबीच्या दिशेने एक चर होता. नखाला लागेल एवढाच. जुनी चिकटलेली होस काढताना कधीतरी कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटली होती, त्याची खूण. अशा चराला रबर पूर्ण भरून काढत नाही, आतून बाहेर तयार कालवाच असतो तो. त्यामुळे तुम्ही होस कितीही भारी आणा, क्लिप कितीही आवळा, ऑइल येणारच.

म्हणून जुनी होस काढताना उचकटायची नाही, आधी पिळून बघायची, गोल फिरली तर सुटते. नाही फिरली तर कटरने लांबीत चीर द्यायची, पण रबराच्या पूर्ण जाडीपर्यंत पातं न्यायचं नाही, शेवटचा थर हाताने फाडायचा. रेडिएटरच्या बाजूला जास्त जपा, जुन्या गाडीत तिथली टाकी प्लास्टिकची, वयाने ठिसूळ झालेली असते आणि निपलवर (होस जिच्यावर चढते ती छोटी नळी) जोर आला तर होसऐवजी रेडिएटर घ्यावा लागतो. एका हाताने निपल धरूनच दुसऱ्याने होस फिरवा. निपल जिथे टाकीत शिरतं तिथेच पावडर ओली झाली असेल तर मात्र होस बदलून उपयोग नाही, तिथलं सील किंवा रेडिएटरच बघावा लागतो.

माझा चर मी घालवला तो ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने. पट्टी कापून, बूट पुसतात तशी पाइपभोवती गोल गोल ओढायची. लांबीत कधीच नाही, नाहीतर एक चर काढायला जाऊन वीस नवे कराल. पाइपचं तोंड आधी चिंधीने बंद करा, तो कचरा गिअरबॉक्समध्ये जाता कामा नये. नखाला लागेनासा झाला तेव्हा थांबलो, मग पुसून कोरडा केला. चर खोल असेल किंवा लोखंडी पाइप गंजून खड्डे पडले असतील तर घासत बसू नका, पाइपच बदला. कोकणात समुद्राजवळ राहणाऱ्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे, आणि मिशिगनला माझा मावसभाऊ आहे त्याच्याकडे तर हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याची होस ठणठणीत होती आणि लोखंडी पाइपच मधोमध चाळणी झाला होता.

बसवताना होसच्या आतून आणि पाइपवर तेच एटीएफ बोटाने लावलं, ग्रीस नाही, साबण नाही. पाइपवर २५ मिमीवर मार्करने खूण केली आणि होस खुणेपर्यंत ढकलली. नवीन होसची लांबी जुन्याएवढीच ठेवा, "उगाच लोंबतेय" म्हणून आखूड केली तर इंजिन हलताना टोकं ओढली जातात. सायलेन्सरच्या गरम पाइपपासून आणि फॅनपासून लांब, आणि वळण असं की होस चेपणार नाही. दोन्ही होस एकदमच बदलायच्या, एक गेली म्हणजे दुसरीचं वयही तेवढंच आहे.

क्लिप स्प्रिंगचीच लावली, नवीन, पक्कडने दोन कान दाबायचे की उघडते. तुमच्या मापाची नाही मिळाली तर कडा बाहेर वळवलेली, नटबोल्टची, पट्टीला भोकं नसलेली क्लिप घ्या, इंजिनच्या पेट्रोल इंजेक्शनच्या होसला लावतात ती. साध्या जुबिलीत पट्टीला खाचा आरपार असतात, जोरात आवळली की रबर त्या खाचांतून किसणीतून आल्यासारखं वर येतं आणि तिथूनच होस कापली जाते. माझी पहिली होस नेमकी तशी कापली गेली होती. सीलंट, टेफ्लॉन टेप, एम-सील यातलं काहीही लावायचं नाही. आणि कुणी "दोन्ही पाइप एकमेकाला जोडून टाकू, कूलर बायपास" असं सुचवलं तर हात जोडून नमस्कार करा, ऑइल थंड होणंच बंद होईल.

काम करताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, स्टँड लावा, हे सांगायला नको खरं तर. होस काढल्यावर माझं साधारण पाव लिटर ऑइल सांडलं, खाली जुनं घमेलं ठेवलं होतं, मापाच्या भांड्यात ओतून बघितलं आणि तेवढंच नवीन भरलं. वर आधी गळून गेलेलं होतंच, ते डिपस्टिक बघून थोडं थोडं. ऑइल कुठलं हे गाडीच्या पुस्तकात किंवा डिपस्टिकवरच लिहिलेलं असतं, "लाल ते सगळं एकच" असं अजिबात नाही. लेव्हल बघायची माझ्या गाडीची पद्धत अशी की दहा-बारा किमी चालवून गरम करायची, सपाट जागी उभी करून ब्रेक दाबून पी पासून एल पर्यंत प्रत्येक गिअरमध्ये दोन-तीन सेकंद थांबायचं, परत पी, आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढायची. काही कंपन्यांच्या गाड्यांत इंजिन बंद करून लगेच बघायची असते, आणि काहींना डिपस्टिकच नसते, खालचा बोल्ट ठरावीक तापमानाला उघडून बघतात, ते गॅरेजचंच काम. नरसाळं लांब नळीचं घ्या आणि जास्त भरू नका, जास्त झालं तरी फेस होतो. डिपस्टिक पुसायला सूत सुटणारं फडकं नको.

एक तपासणी सगळ्यांनी कराच, कूलंटची टाकी उघडून बघा (गार असताना). गुलाबी दुधासारखं, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं काही दिसलं तर रेडिएटरच्या आतला कूलर फुटलाय, कूलंट आणि एटीएफ एकमेकांत गेलंय. मग ही पोस्ट बाजूला ठेवा, गाडी सुरूही करू नका. पाणी गिअरबॉक्समधल्या क्लचच्या अस्तराला उकलून टाकतं.

रस्त्यात होस सुटली किंवा फाटली तर? होसला थोडी ढील असेल आणि टोकालाच चिरली असेल तर गार झाल्यावर तेवढा दीड-दोन सेंमी तुकडा कापून परत चढवता येते, ऑइल भरून हळू गॅरेजपर्यंत जाता येतं. ऑइल जवळ नसेल तर मात्र ओढून न्या, आणि पुढच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक असेल तर पुढची चाकं रस्त्यावर फिरवत ओढायची नाही, इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सचा पंप बंद, आतले भाग कोरडे फिरतात. पुढची चाकं वर उचलून, किंवा सरळ पूर्ण गाडी वर चढवणारी गाडी बोलवा.

काम झाल्यावर मी ५० किमीनंतर आणि मग ५०० किमीनंतर परत पावडर मारून बघितलं, दोन्ही वेळा पांढरी ती पांढरीच. पार्किंगमध्ये रात्री पुठ्ठा टाकून ठेवायचो, तो महिन्याभराने काढला. आता दहा महिने झाले, मधे एक पावसाळा आणि एक थंडी गेली, वरंधा घाटही करून आलो. डिपस्टिकची लेव्हल होती तिथेच आहे. मधे एकदा वॉचमन काकांनी परत हाक मारली, "साहेब, आलं बघा तुमचं!" म्हणून जिन्यावरून धावत गेलो, तर एसीचं पाणी होतं. डिकीत एक हातभर होस, दोन क्लिपा, पक्कड, कटर आणि लिटरभर एटीएफ ठेवून दिलंय. टाइलवरचे जुने डाग मात्र अजून आहेत, डिटर्जंट, डिझेल, लाकडाचा भुसा सगळं करून झालं, सेक्रेटरी साहेब रोज बघतात, कुणाकडे त्याचा उपाय असेल तर सांगा.